मिशिगन: तेरा जागा, एक हजार सह्या

नोव्हेंबरच्या निकालाच्या रात्री अमेरिकेचा नकाशा लाल-निळा (रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळे) होताना सगळं जग बघतं. मिशिगनमध्ये मात्र प्रतिनिधिगृहाच्या तेरापैकी नऊ-दहा जागांचा फैसला त्या रात्रीच्या कितीतरी आधी झालेला असतो. काहींचा ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, तर एखाद्या जागेचा थेट एप्रिल-मेमध्ये, उमेदवारीसाठीच्या सह्यांच्या छाननीत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये खरी झुंज म्हणावी अशा जागा तीनच होत्या: लान्सिंगभोवतीची सातवी, फ्लिंट-सॅगिनॉची आठवी आणि मॅकोम्ब काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दहावी. ग्रँड रॅपिड्सची तिसरी हवी तर चौथी म्हणून धरा. बाकीच्या ठिकाणी ज्या पक्षाचा बालेकिल्ला, त्या पक्षाचं तिकीट म्हणजेच खासदारकी. आणि तिकीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एबी फॉर्म येतो, तसलं इथे काही नाही. पक्षाध्यक्षाला कुणालाही तिकीट देता येत नाही आणि कुणाचं कापताही येत नाही.

आधी नकाशा. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या जागा चौदाच्या तेरा झाल्या. राज्याची लोकसंख्या १ कोटी ७७ हजार, त्यामुळे प्रत्येक मतदारसंघात जवळपास ७ लाख ७५ हजार माणसं, लहान मुलंसुद्धा धरून. (महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघात याच्या दुपटीहून जास्त नुसते मतदार असतात.) पूर्वी या सीमा विधिमंडळ आखायचं, म्हणजे सत्ताधारी पक्ष आपल्याला हव्या तशा आखायचा. २०१२ मध्ये राज्यभर डेमोक्रॅटना मतं जास्त पडली आणि जागा मिळाल्या चौदापैकी पाच. २०१८ मध्ये लोकांनी जनमत घेऊन हे काम राज्यघटनेतच बदल करून एका आयोगाकडे दिलं. त्यात तेरा सामान्य नागरिक असतात: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. नऊ हजारांहून जास्त अर्ज आले होते आणि शेवटची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक झाली. २८ डिसेंबर २०२१ रोजी ८ विरुद्ध ५ मतांनी खासदारकीचा नकाशा मंजूर झाला. नुसतं बहुमत पुरत नाही. दोन्ही पक्षांचे किमान दोन-दोन आणि अपक्षांपैकी किमान दोन सदस्य बाजूने लागतात.

आयोगाला विद्यमान खासदार कुठे राहतो याचा विचार करायला मनाई आहे. परिणाम लगेच दिसला. २०२२ मध्ये अकराव्या मतदारसंघात हेली स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन हे दोन विद्यमान डेमोक्रॅट खासदार एकमेकांसमोर आले आणि स्टीव्हन्स जिंकल्या. शेजारच्या दहाव्यात त्यामुळे विद्यमान खासदार कुणीच उरला नाही आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन जॉन जेम्स तिथे सुमारे १,६०० मतांनी निवडून आले. लेव्हिन तिकडे उभे राहिले असते तर ती जागा गेली नसती, असं माझं मत. एकूण निकाल मात्र काट्यावरचा राहिला: २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६. २०२४ मध्ये सातवी जागा डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन सिनेटकडे वळल्याने मोकळी झाली, ती रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी घेतली आणि आकडे उलटे झाले. आधीच्या नकाशात अशी उलथापालथ फार अवघड होती.

आता सह्या. प्रमुख पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या किमान १,००० आणि कमाल २,००० सह्या द्याव्या लागतात. डिपॉझिट भरून सुटका नाही. मुदत ऑगस्टच्या प्रायमरीआधीच्या पंधराव्या मंगळवारी दुपारी चारची. २०२६ साठी प्रायमरी ४ ऑगस्टला, म्हणजे मुदत २१ एप्रिल. मतदारसंघ एकाच काउंटीत बसत असेल तर कागद काउंटी क्लर्ककडे, एकाहून जास्त काउंट्यांत पसरला असेल तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे राज्याच्या निवडणुकांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे. सोबत ओळखीचं प्रतिज्ञापत्र, नोटरीसमोर केलेलं. अपक्षाला तिप्पट, ३,००० सह्या लागतात. आणि प्रायमरी हरल्यावर त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही, त्यामुळे आपल्याकडची बंडखोरी इथे जन्मालाच येत नाही.

हजार सह्या म्हणजे किरकोळ काम वाटतं. घात होतो तो तपशिलात. सही करणारा मतदारसंघाच्या सीमेपलीकडच्या गल्लीतला निघतो. नोंदणी जुन्या पत्त्यावर असते. तारीख राहते. सह्या गोळा करणाऱ्याने कागदाच्या तळाशी जी तारीख घातली तिच्यानंतरची सही त्या कागदावर असेल तर ती बाद. एका मतदाराने एकाच जागेच्या दोन उमेदवारांच्या कागदांवर सही केली तर आधीच्या तारखेची धरतात, आणि तारीख एकच असेल तर दोन्हीही जातात. म्हणून शहाणा उमेदवार १,००० वर थांबत नाही, दोन हजारांच्या जवळ जातो आणि भरण्याआधी प्रत्येक नाव मतदारयादीशी ताडून पाहतो. मुदतीनंतर सात दिवस प्रतिस्पर्ध्याला आक्षेप घेता येतो आणि तो घेतोच.

सगळ्यात मोठा धोका पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांचा. दर सहीला डॉलरच्या हिशोबाने पैसे मिळत असतील तर घरी टेबलाभोवती बसून एकमेकांचे कागद भरण्याचा मोह होतो. याला इथे ‘राउंड टेबलिंग’च म्हणतात. २०२२ मध्ये राज्याच्या निवडणूक विभागाला अशा ३६ जणांनी गोळा केलेल्या किमान ६८ हजार बोगस सह्या सापडल्या आणि गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक शर्यतीबाहेर गेले.

खासदारकीतलं गाजलेलं प्रकरण त्याआधीचं, २०१२ चं. अकराव्या मतदारसंघाचे रिपब्लिकन खासदार थॅडियस मॅककॉटर यांचे कागद तपासले तर अठराशेच्या आसपास सह्यांपैकी वैध निघाल्या २४४. कर्मचाऱ्यांनी जुन्या निवडणुकीच्या कागदांच्या झेरॉक्स काढून, तारखा बदलून भरल्या होत्या. चौघांवर गुन्हे दाखल झाले, मॅककॉटर यांनी जुलैत राजीनामा दिला. मतपत्रिकेवर रिपब्लिकन नाव उरलं एकच: केरी बेंटिव्होलिओ, रेनडिअर पाळणारे आणि नाताळात सांताक्लॉज होणारे शिक्षक. पक्षातल्या जाणत्यांनी एका माजी राज्य सिनेटरचं नाव हाताने लिहा म्हणून मोहीम चालवली, ती फसली, आणि बेंटिव्होलिओ खासदार झाले. पुढच्याच प्रायमरीत हरलेही.

२०१४ मध्ये तेराव्या मतदारसंघात जॉन कॉनियर्स यांच्यावरही हीच वेळ आली. १९६५ पासूनचे खासदार, पण सह्या गोळा करणाऱ्या काहींची स्वतःची मतदार नोंदणीच नव्हती. वेन काउंटीच्या क्लर्कने अर्ज बाद केला. संघीय न्यायालयाने तो नियमच अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात धरला आणि कॉनियर्स यांचं नाव मतपत्रिकेवर परत आलं.

याच क्रमांकाच्या मतदारसंघाचे, नव्या सीमांतले, आजचे खासदार म्हणजे बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०२२ च्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार जेमतेम २८ टक्क्यांवर जिंकले, कारण मिशिगनमध्ये मतदानाची दुसरी फेरी नाही; ज्याला सगळ्यांत जास्त तो विजयी, मग दहातल्या सातांनी दुसऱ्याला मत दिलेलं का असेना. दुसरे आलेले अ‍ॅडम हॉलियर २०२४ मध्ये पुन्हा उतरले. ठाणेदारांनी त्यांच्या सह्यांवर आक्षेप घेतला. वैध निघाल्या ८६३, म्हणजे १३७ कमी. प्रतिस्पर्धी मतदानाआधीच बाद. मराठी वर्तमानपत्रांत ठाणेदारांच्या विजयाच्या बातम्या येतात, त्यांत हा भाग सहसा नसतो. डेट्रॉइटच्या बाजूने दिसणारं चित्रही नसतं: १९५५ पासून या शहराचा किमान एक कृष्णवर्णीय खासदार असायचाच, ती परंपरा जानेवारी २०२३ मध्ये तुटली. नव्या नकाशात बाराव्या आणि तेराव्या, दोन्ही मतदारसंघांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याखाली आलं, आणि तेराव्यात कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये मतं वाटली गेली.

प्रायमरीत मतदान कसं करायचं हे नव्याने नागरिकत्व मिळालेल्यांनी नीट समजून घ्यावं. इथे मतदाराची पक्षनोंदणी नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारीशेजारी असतात, त्यातला एक निवडायचा आणि तो कुठला हे गुप्त राहतं. एक नाव इकडचं, एक तिकडचं असं केलं की पक्षीय भाग पूर्ण बाद. केंद्रावर मतमोजणी यंत्र अशी मतपत्रिका परत देतं, नवी घेता येते. टपालाने पाठवलेली असेल तर दुसरी संधी मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये उलट सगळी मुभा आहे, शिवाय सगळ्यात वर एका पक्षाचा लंबगोल काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत क्लर्कच्या कार्यालयात नोंदणी करून तिथेच मत देता येतं. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र नोंदणीच्या अर्जाला हात लावू नये. नागरिकत्वाच्या वेळी तो अर्ज डोकं वर काढतो.

प्रायमरी सर्वांना खुली असल्याने विरोधी पक्षही तिच्यात हात घालतो. २०२२ मध्ये तिसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन पीटर मायर यांनी ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला पाठिंबा दिलेला होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीने त्यांचे ट्रम्पसमर्थक प्रतिस्पर्धी जॉन गिब्ज यांना उजळवणाऱ्या जाहिरातीवर चार लाख डॉलरहून जास्त खर्च केले. गिब्ज प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हिलरी स्कोल्टन यांच्याकडून हरले. डाव साधला, पण स्वपक्षाविरुद्ध मत देण्याची हिंमत दाखवणाऱ्याची अशी संभावना पाहून पुढचा कुणी तशी हिंमत कशी करेल?

मध्येच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर पोटनिवडणूक लावतो, आणि खर्च वाचवायला ती बहुधा नेहमीच्या निवडणुकीसोबतच होते. मग एकाच मतपत्रिकेवर त्याच पदाच्या दोन लढती येतात: एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी, दुसरी पुढच्या दोन वर्षांसाठी. २०१२ मध्ये मॅककॉटर यांची उरलेली मुदत जुन्या सीमांवर डेमोक्रॅट डेव्हिड कर्सन यांनी जिंकली आणि पुढची मुदत नव्या सीमांवर बेंटिव्होलिओ यांनी, एकाच दिवशी. २०१८ मध्ये कॉनियर्स यांच्या जागेवर तर सीमाही त्याच होत्या. उरलेल्या मुदतीच्या प्रायमरीत चार उमेदवार, त्यांत ब्रेंडा जोन्स पुढे; पुढच्या मुदतीच्या प्रायमरीत सहा उमेदवार, त्यांत रशीदा तलैब पुढे. जोन्स २९ नोव्हेंबरपासून ३ जानेवारीपर्यंत खासदार होत्या.

निकालाच्या रात्री घाई नको. अप्पर पेनिन्सुलाच्या, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाच्या, पश्चिमेकडच्या चार काउंट्यांचं घड्याळ एक तास मागे आहे, त्यामुळे डेट्रॉइटची केंद्रं आठला बंद झाली तरी राज्यातलं शेवटचं मतदान डेट्रॉइटच्या घड्याळात नऊ वाजता संपतं. आधी येणारे आकडे लहान टाउनशिपचे, म्हणजे ग्रामीण वस्त्यांचे, म्हणून सुरुवातीला नकाशा लाल दिसतो. टपाली मतांचे गठ्ठे मोठ्या शहरांत असतात; २०२३ च्या कायद्यानंतर पाच हजारांवर लोकसंख्येच्या गावांना ते आठ दिवस आधीपासून हाताळता येतात, त्यामुळे उशीर पूर्वीइतका होत नाही. परदेशातल्या सैनिकांची, वेळेत टपालात पडलेली मतं नंतर सहा दिवसांपर्यंत स्वीकारतात. मग प्रत्येक काउंटीत दोन्ही पक्षांच्या दोन-दोन सदस्यांचं मंडळ चौदा दिवसांत मोजणी पडताळतं. खासदारकीला आपोआप फेरमोजणी नाही. राज्यव्यापी पदांना २,००० मतांच्या आत फरक असेल तर ती होते, पण इथे हरलेल्याला स्वतः अर्ज करून पैसे भरावे लागतात. दहाव्या मतदारसंघात सोळाशेच्या फरकाने हरलेल्या डेमोक्रॅट कार्ल मार्लिंगा यांनी ते केलं नाही. २०२४ मध्ये ते जेम्स यांच्यासमोर पुन्हा उभे राहिले आणि तेव्हा फरक सहा टक्क्यांचा झाला.