नायगारा राहू दे, आधी कॅनास्टोटा

दाजींचा नियम आहे, एकदा हायवेला लागलं की गाडी फक्त गॅस आणि रेस्टरूमसाठी थांबणार. न्यू जर्सीवरून सकाळी निघालो, स्क्रँटन, बिंगहॅम्टन करत सिरॅक्यूजला आलो, तिथून नायगारासाठी पश्चिमेला वळायचं, तर मी म्हणलं दाजी, पूर्वेला घ्या. वीस-बावीस मैल उलटं. ताईनं मागे वळून असं बघितलं की थेट आईच आठवली. "काय आहे तिकडं?" म्हणलं बॉक्सिंगचं हॉल ऑफ फेम. दाजी कुरकुरले, पण गाडी वळवली, माणूस दिलदार आहे.

कॅनास्टोटा एवढंसं गाव, थ्रूवेच्या, म्हणजे तिथल्या टोल हायवेच्या, एक्झिट 34 ला उतरलं की आलंच. जगातलं एवढं मोठं म्युझियम न्यूयॉर्क शहर सोडून या खेड्यात का, तर कार्मेन बॅसिलिओ इथला म्हणून. इटलीहून आलेल्या बापाची कांद्याची शेती, पोरगा कांद्यात राबला, मरीन्समध्ये गेला आणि मग वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याचा भाचा बिली बॅकस पण चॅम्पियन, 1970 मध्ये सिरॅक्यूजला होसे नापोलेसला हरवून. गावानं आधी या मामा-भाच्यांचं स्मारक केलं, त्यातूनच 1989 मध्ये हे म्युझियम उघडलं. आम्ही लासलगावच्या बाजूचे, त्यामुळे कांदेवाला चॅम्पियन ऐकून ताईचा राग निम्मा उतरला. म्हणाली, भाव पडला असेल, म्हणून मारामारीकडे वळला असेल.

आत फोटो, बेल्ट, रोब वगैरे आहेतच. नामवंत बॉक्सरांच्या मुठींचे साचे आहेत, त्यात प्रीमो कार्नेराची मूठ बघून भाचीनं विचारलं हा खरंच माणूस होता का. आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या स्टेडियमची जुनी रिंग आहे, 1925 ते 2007 वापरलेली, मुहम्मद अली आणि जो फ्रेझर 1971 ला हिच्यातच लढले. गर्दी अजिबात नव्हती, कोणी "पुढे चला" म्हणणारं नाही, मी तिथंच रेंगाळलो. आणि तिथंच दाजींनी वाद काढला.

दाजी म्हणाले, टेक्निक असलं की साइझनं फरक पडत नाही. पुरावा समोरच होता. सप्टेंबर 1957, यांकी स्टेडियम, बॅसिलिओ 147 पौंडांच्या वेल्टरवेट या वजनगटातून वर 160 च्या मिडलवेटमध्ये गेला आणि शुगर रे रॉबिन्सनला हरवून आला. रॉबिन्सन त्याच्यापेक्षा साडेचार इंच उंच. सहा महिन्यांनी शिकागोत रीमॅच, बॅसिलिओचा डावा डोळा सुजून पार बंद, तरी गडी पंधरा राउंड उभा राहिला आणि स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे जजचं एकमत न होता, हरला. दाजी म्हणाले बघ!

मी म्हणलं दाजी, मग जीन फुलमरचं काय? युटाचा हा फुलमर बॅसिलिओपेक्षा फार तर दीड इंच उंच. तरी 1959 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला चौदाव्या राउंडला फाइट थांबवावी लागली, 1960 मध्ये सॉल्ट लेक सिटीत बाराव्या. अख्ख्या करिअरमध्ये बॅसिलिओला कोणी वेळेआधी थांबवलं असेल तर ते फक्त फुलमरनं, दोन्ही वेळा. उंचीनंच मोठेपण ठरत असतं तर हे उलटं व्हायला हवं होतं ना.

माझं म्हणणं असं की बॅसिलिओचा सगळा खेळ आत घुसण्याचा. वाकायचं, लांब हाताच्या खालून जायचं, छातीला छाती लावून बरगड्यांवर हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा. उंच माणसाच्या आत घुसलं की तिथं जागा मिळते, आणि 36 वर्षांच्या रॉबिन्सनला त्याला बाहेर ढकलणं जड जात होतं. पण फुलमर रुंद, खांदे दारासारखे, आणि त्यालाही जवळूनच लढायला आवडतं, खेटून, ढकलून, खांद्यानं रेटून. आत गेलं तर ते फुलमरचंच घर. वेल्टरवेटमध्ये ज्या हुकनं समोरचा दोन पावलं मागे जायचा त्या हुकनं फुलमर जागचा हलत नाही, आणि तो हलला नाही की पुढचा ठोसा लावायला जागाच होत नाही. वरून दर राउंडला ते वजन अंगावर, आपल्याकडे कुस्तीत मोठा गडी नुसता मानेवर रेलून राहतो तसं, दहाव्या राउंडपर्यंत पाय संपतात. खालच्या वजनात बॅसिलिओ स्वतःच तो रेटणारा होता, वर जाताना तीच गोष्ट खालीच राहिली.

रॉबिन्सननं याच फुलमरला मे 1957 मध्ये एका डाव्या हुकवर आडवा केला होता, पण ते हत्यार वेगळं, त्याला रेटारेटीची गरज नाही. आणि तोच रॉबिन्सन 1952 मध्ये पंधराएक पौंड जड जोई मॅक्सिमसमोर गेला तेव्हा? यांकी स्टेडियमच, उन्हाळा, रिंगपाशी 40 डिग्री सेल्सिअस, दहाव्यानंतर रेफरीच बदलावा लागला. रॉबिन्सन पॉइंट्सवर पुढे होता, पण तेरा राउंड मॅक्सिमचं वजन झेलून चौदाव्याला स्टुलावरून उठलाच नाही. सगळे उकाड्याला दोष देतात, अरे मॅक्सिम पण त्याच उकाड्यात होता की!

दाजी म्हणाले बॅसिलिओ तोवर म्हातारा झाला होता. बत्तिशीत? मग 36 च्या रॉबिन्सनला हरवलं ते कशात मोजायचं? दाजींनी गाणी लावली.

नायगारा बघितला, भिजलो, ते निळे रेनकोट नुसते नावाला आहेत. हॉटेलात ब्रेकफास्ट फ्री म्हणून कोरडा बेगल आणि सफरचंद, याला पाहुणचार म्हणत असतील तर म्हणोत. रात्री दाजींनी स्वतःहून यूट्यूबवर फुलमर-बॅसिलिओ 1959 ची फाइट लावली. 1955 ते 1959 सलग पाच वर्षं रिंग या बॉक्सिंगच्या मॅगझिनची फाइट ऑफ द इयर बॅसिलिओचीच, त्यातली ही शेवटची. चौदाव्याला थांबवल्यावर म्हणाले, अजून एक राउंड द्यायला हवा होता. मी म्हणलं थांबवली ते बरं केलं. पुन्हा तोच वाद सुरू, शेवटी ताई ओरडली, लाइट बंद करा दोघं, सकाळी गाडी कोण चालवणार आहे.