मॅसी हॉलमधला नील यंग

कॅनडाचा गायक-गीतकार नील यंग याच्या मैफलीची रेकॉर्ड 'लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१' ऐकण्याआधी त्याच्याच 'हार्वेस्ट' या अल्बममधलं 'अ मॅन नीड्स अ मेड' हे गाणं एकदा लावा. त्यात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा सगळा लवाजमा आहे. मग मॅसी हॉलमधलं तेच गाणं ऐका. नुसता पियानो आणि पंचविशीतला गळा. त्याच पियानोवर पुढे 'हार्ट ऑफ गोल्ड' सुरू होतं, तेही गिटारशिवाय. आज ज्याच्या पहिल्या सुरांनाच टाळ्या पडतात, ते गाणं त्या रात्री टोरंटोत कुणी ओळखलंच नाही. ओळखणार कसं? 'हार्वेस्ट' आला फेब्रुवारी १९७२ मध्ये आणि ही मैफल १९ जानेवारी १९७१ ची.

निर्माता डेव्हिड ब्रिग्जचा आग्रह होता की 'हार्वेस्ट'च्या जागी हीच रेकॉर्ड काढावी. नीलने ऐकलं नाही. अखेर ती २००७ मध्ये बाहेर आली, तोवर ब्रिग्जला जाऊन अकरा वर्षं झाली होती. माझं मत ब्रिग्जच्या बाजूने.

'काउगर्ल इन द सँड' आणि 'डाउन बाय द रिव्हर' मूळ रेकॉर्डवर नऊ-दहा मिनिटांची, इलेक्ट्रिक गिटारच्या लांबलचक सोलोंची. इथे दोन्ही चारेक मिनिटांत आटोपतात. सोलो गेले, तेव्हा कळतं की चाल स्वतःच्या पायावर उभी आहे.

गिटार वाजवणाऱ्यांनी या मैफलीतल्या 'ओहायो'साठी पहिली आणि सहावी, दोन्ही ई तारा डीवर उतरवाव्यात: डी-ए-डी-जी-बी-डी. 'डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन'ला हेच ट्यूनिंग आणखी एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे सी-जी-सी-एफ-ए-सी. घोळ इथेच होतो. बारीक तारांचा संच असेल तर सहावी तार इतकी ढिली पडते की फ्रेटवर झणझणते, आणि जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढतो. मीडियम गेजच्या, म्हणजे मध्यम जाडीच्या तारा लावा, उजवा हात हलका ठेवा. तारा उतरवताना हव्या त्या सुराच्या थोडं खाली जाऊन मग वर चढवत आणा, नाहीतर दोन कडव्यांत गिटार बेसूर. एक तार उतरवली की बाकीच्यांचा ताणही बदलतो, म्हणून सहाही पुन्हा तपासा.

'द नीडल अँड द डॅमेज डन' मात्र 'हार्वेस्ट'वरही लाइव्हच आहे, अकरा दिवसांनंतर लॉस एंजेलिसच्या रॉइस हॉलमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. त्यामुळे त्याची इथल्या गाण्याशी तुलना करून फारसं काही हाती लागणार नाही.