पेत्र आधी विचारतो

शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी लिहा म्हटल्यावर बाकीचे मित्र मैदान, स्नेहसंमेलन आणि छड्या यांवर लिहिणार हे ठरलेलंच. मी बायबलच्या तासाबद्दल लिहितो. आमच्या घरी ख्रिस्ती धर्म नव्हता, वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी नव्हता. तरी तो तास आम्ही बुडवत नसू, कारण तिथे सरांशी वाद घालायची मुभा होती. गणितात ती सोय नसते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 28वा अध्याय चालू होता. मरणातून पुन्हा उठलेला येशू शिष्यांना सांगतो, जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, सर्व म्हणजे आम्हीसुद्धा?" वर्ग हसला. सर म्हणाले, "हो, तुम्हीसुद्धा. खोटं कशाला सांगू?" आणि फळ्यावर खडूने किनारा काढून त्यांनी दोन गावांचे ठिपके दिले, यापो आणि कैसरीया.

बायबलमधलंच पुढचं पुस्तक 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 10. यापोत येशूचा शिष्य पेत्र भर दुपारी घराच्या छतावर प्रार्थनेला गेलाय, पोटात भूक. दृष्टान्तात आकाशातून एक मोठी चादर खाली येते, चारही कोपरे धरलेली, आत नाना प्राणी. 'मारून खा,' अशी वाणी होते. यहुदी नियमाने निषिद्ध ते कधी तोंडात घातलं नाही, म्हणून पेत्र नकार देतो. असं तीनदा. तेवढ्यात कर्नेल्याची माणसं दारात. कर्नेल्य परका, म्हणजे यहुदी नसलेला, त्यातून रोमी फौजेतला शताधिपती, शंभरेक शिपायांचा नायक. पेत्र त्या माणसांना रात्री ठेवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कैसरीयाला, कर्नेल्याकडे निघतो. कर्नेल्य पाया पडतो, तर हा त्याला उठवतो. मीही माणूसच आहे म्हणतो. इथे सर थांबले. "आता उपदेश सुरू होईल असं वाटतं ना? पेत्र आधी विचारतो, मला कशासाठी बोलावलंत?"

बदलावं लागलं ते पेत्रालाच, हा सरांचा मुद्दा. यरुशलेमला परतल्यावर स्वकीयांनीच त्याला धारेवर धरलं, परक्यांबरोबर जेवलास म्हणून. पुढे 15व्या अध्यायात सभा भरली आणि परक्यांना सुंतेची सक्ती नको असं ठरलं. मला तर अख्ख्या पुस्तकातला हा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो.

इतिहास पुढे असाच राहिला नाही, आणि सरांनी तोही झाकला नाही. 1513 साली स्पेनच्या दरबारी एक जाहीरनामा तयार झाला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना तो स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायचे. पोप आणि राजाची सत्ता माना, नाहीतर युद्ध आणि गुलामगिरी. ऐकणाऱ्यांना अक्षर कळत नसे. सुवार्तेच्या, म्हणजे येशूच्या संदेशाच्या, नावाने याहून मोठी थट्टा झाली नसेल. त्याच साम्राज्यात बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू सांगत राहिला, की लोकांना श्रद्धेकडे आणायचं तर समजावून, शस्त्राने नव्हे.

1910च्या एडिंबरा परिषदेचं नावही मी त्याच तासाला ऐकलं. जगभर सुवार्ता कशी न्यावी यावर खल करायला सुमारे 1200 प्रतिनिधी जमले होते, बहुतेक युरोप-अमेरिकेतले. तिथे व्ही. एस. अझरिया या भारतीय पाळकांनी मिशनऱ्यांना सुनावलं: तुम्ही दानधर्म केलात, देह झिजवलात, आता आम्हाला मित्र द्या. दोनच वर्षांनी ते बिशप झाले.

एका बाबतीत मात्र माझं सरांशी कधी पटलं नाही. ते म्हणत, सेवा आणि सुवार्ता यांची फारकत करता येत नाही. रोग्याला औषध देणाऱ्याने आपली श्रद्धा खिशात लपवावी का? मी म्हणे, औषध ज्याच्या हातात, त्याला 'नाही' म्हणणं रोग्याला जड जातं. मग त्याचा होकार खरा कसा धरायचा? "म्हणून विचारायला शिकायचं," सर म्हणत. मला ते उत्तर तेव्हाही अपुरं वाटलं, आताही वाटतं. समारंभाला सर आले तर चहाच्या वेळी हाच विषय काढणार आहे.