हवेतला उरलेला एक टक्का

आपल्या उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत शिरा, 'आर्गन वेल्डिंग करून मिळेल' असा एखादा तरी बोर्ड दिसतोच. परवा दुधाच्या स्टीलच्या कॅनचा कान निखळला म्हणून घेऊन गेलो होतो, उकाडा लय होता, तिथल्या पोरानं पंखा लावला तर मिस्त्री काच वर करून ओरडला, "पंखा बंद कर की लेका, ग्यास उडतोय सगळा!"

त्या ग्यासमध्येच खरी गंमत आहे. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची बारीक कांडी, तिच्या टोकावर आर्क पेटतो आणि भोवतीनं आर्गन हळूहळू सुटत राहतो. तो हवेपेक्षा जवळपास दीडपट जड, त्यामुळं वितळलेल्या स्टीलवर पसरून बसतो आणि ऑक्सिजनला आत येऊ देत नाही, नाहीतर जोड काळा पडतो, भोकं पडतात. आणि हा स्वतः स्टीलला काहीच करत नाही. ऑक्सिजन, नायट्रोजनचे अणू जोडीजोडीनं फिरतात, आर्गनचा अणू मात्र एकटाच. त्याच्याकडं १८ इलेक्ट्रॉन, बाहेरच्या कक्षेत पूर्ण ८, म्हणजे कुणाला द्यायचं नाही कुणाकडनं घ्यायचं नाही. ना कुठल्या तालमीत, ना मंडळात, ना भिशीत, असा एखादा माणूस असतो बघा गल्लीत, तसला.

आता हा सिलिंडरमधला आर्गन येतो कुठनं, तर हवेतनंच. हवा गार करत करत पातळ करायची आणि मग एकेक वायू उकळून वेगळा काढायचा. नायट्रोजन उणे १९६ अंशाला उकळतो, आर्गन उणे १८६ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ ला. शेवटच्या दोघांत फरक फक्त ३ अंशांचा, म्हणून ते वेगळं करायला भले उंच मनोरे लागतात.

शाळेत आपल्याला नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१ आणि 'इतर वायू १' असं सांगून मोकळे झाले. त्या 'इतर'मध्ये जवळजवळ सगळा हाच, ०.९३ टक्के! ज्याच्यावर एवढी चर्चा चालते तो कार्बन डायऑक्साइड ०.०४ च्या आसपास. साधा श्वास घेतला तर अर्धा लिटर हवा आत जाते, म्हणजे दर श्वासाला साडेचार मिली आर्गन आत आणि तेवढाच जसाच्या तसा बाहेर. एवढा असून सापडला कधी, तर १८९४ साली. रॅले नावाच्या शास्त्रज्ञानं बघितलं की हवेतनं काढलेला नायट्रोजन लिटरला साधारण १.२५७ ग्रॅम भरतोय आणि अमोनियासारख्या पदार्थापासनं केलेला १.२५१. सहा-सात मिलिग्रॅमचा फरक, दुसरा कोण असता तर तराजूवर ढकलला असता. त्यानं नाही ढकलला. मग रॅम्सेनं हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरनं फिरवून फिरवून सगळा खपवला तरी थोडा वायू शिल्लक राहिला, तो हा. १९०४ ला दोघांनाही नोबेल, एकाला फिजिक्सचं, एकाला केमिस्ट्रीचं. खरं तर कॅव्हेंडिशला १७८५ मध्येच असला एक न खपणारा बुडबुडा उरला होता, पण तो काय आहे हे कळायला शंभरावर वर्षं गेली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. हवेतला जवळपास सगळा आर्गन दगडातनं आलाय. खडकातल्या पोटॅशियमचा थोडासा भाग, पोटॅशियम-४०, किरणोत्सर्गी असतो आणि त्यातले दहातला एखादा अणू बदलून आर्गन होतो, बाकीचे कॅल्शियम. अर्धे अणू बदलायला सव्वाशे कोटी वर्षं. लाव्हा पातळ असतो तेव्हा आतला आर्गन निसटतो, थिजला की नवा तयार होणारा आतच अडकतो, तो मोजला की दगडाचं वय निघतं. दख्खनच्या काळ्या दगडाचं साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचं वय असंच काढलंय. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभा मात्र त्याला चालत नाही हां, तो झिजून बदललेला दगड, आतला हिशोब कधीच बिघडलेला; त्याच्या खालचा काळा पाषाण पाहिजे.