अमियोडॅरोन भरून तयार होतं

मावशींना कॅज्युअल्टीतून आमच्या आयसीयूत आणलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या, बोलतही होत्या. घरी उठून चालताना त्या कोसळल्या, डोळे फिरले, मग आपोआप सावरल्या, असं मुलगी सांगत होती. चार-पाच दिवस जुलाब आणि उलट्या चालू होत्या. बीपी कमी, नाडी ५२. कागदावर डिहायड्रेशन असं निदान होतं आणि सलाईन लागलेलं होतं. तेही खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

मी बेडपाशी असतानाच मॉनिटर किंचाळायला लागला. रुंद, वेगवान ठोके, मावशींची नजर हरवली आणि दहाएक सेकंदांत सगळं परत जागेवर. "सर, व्हीटी!" असं म्हणत आमच्या रेसिडेंटनं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरनं, अमियोडॅरोन हे लय आवरणारं औषध मागवलंही. सिस्टरांनी १५० मिलिग्रॅम भरून ट्रे पुढे केला. बहुतेक व्हीटीत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या वेगवान लयीत, हेच औषध देतात, त्यामुळे त्यानं वावगं काही केलं नव्हतं.

"थांबा, आधी स्ट्रिप काढा."

ईसीजीच्या त्या पट्टीवर ते ठोके एकसारखे नव्हते. उंच होत जायचे, बारीक व्हायचे, मग उलट्या दिशेला उंच व्हायचे, एखादी रिबन पीळ देत ओढावी तसे. त्याआधीचे साधे ठोके पाहिले तर टी वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या शेवटची लाट, संपतच नव्हती. ठोका सुरू झाल्यापासून ती लाट संपेपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी, आणि नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला तोच वेळ म्हणजे क्यूटीसी; तो ५८० मिलिसेकंद. बायकांमध्ये साधारण ४६० च्या वर गेलं की आम्ही सावध होतो, ५०० च्या वर धोका उघड असतो. हे टॉर्साद होतं, क्यूटी लांबल्यानं उठणारी पीळदार व्हीटी. अमियोडॅरोन स्वतःच क्यूटी लांबवतं आणि एकदा शिरेतून गेलं की परत काढून घेता येत नाही. ट्रे बाजूला ठेवायला लावला आणि मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम दिलं. रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरी इथे ते उपयोगी पडतं, रिपोर्टची वाट बघायची नसते.

मग मुलीला म्हटलं, "आईच्या सगळ्या गोळ्या दाखवा. सगळ्या, बंद केलेल्यासुद्धा."

पिशवीत सोटालॉल निघालं, ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) दोन वर्षांपासून चालू, आणि धडधड खरोखरच थांबलेली. शेजारी क्लॅरिथ्रोमायसिन, खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं. आणि ऑनडॅनसेट्रॉन, उलट्यांसाठी, तिसऱ्यांकडून. तिन्ही औषधं क्यूटी लांबवणारी. क्लॅरिथ्रोमायसिननं पोट बिघडतं, जुलाबांतून पोटॅशियम जातं (मावशींचं २.६ आलं, म्हणजे फारच कमी), पाणी कमी पडून किडनी मंदावते, आणि सोटालॉल बाहेर पडायची वाट तर किडनीच. म्हणजे गोळी रोजचीच, तेवढीच, पण रक्तात साठत गेलेली. त्यात नाडी जितकी हळू, तितका सोटालॉलचा क्यूटीवरचा परिणाम जास्त. तिघांपैकी कुणाच्या कागदावर दुसऱ्याच्या औषधाचा उल्लेख नव्हता. याचा मला आजही राग येतो.

हृदयाची लय सांभाळणारं औषधच लय बिघडवू शकतं, हे वैद्यकशास्त्राला फार महागात पडून कळलं. हार्ट अ‍ॅटॅकनंतर अधूनमधून चुकार ठोके पडणाऱ्या रुग्णांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड देऊन कास्ट नावाची चाचणी झाली. ठोके ईसीजीवरून छान नाहीसे झाले आणि माणसं मात्र औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटापेक्षा जास्त दगावली. १९८९ मध्ये त्या दोन औषधांची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. म्हणून ईसीजी सुधारला एवढ्यावर मी कधी समाधान मानत नाही.

मावशींकडे परत येतो. अर्ध्या तासानं त्याच पीळदार ठोक्यांचा पुन्हा झटका आला, तो थांबेना, नाडी लागेना. एक शॉक दिला आणि लय परतली. मग मानेच्या शिरेतून तात्पुरता पेसमेकर घालून हृदय मिनिटाला १०० वर चालवलं. वेग वाढला की क्यूटी आखडतो, टॉर्सादला आत शिरायला फट राहत नाही. सेंट्रल लाईनमधून पोटॅशियम चढवत ४.५ च्या वर नेलं. रेसिडेंट रात्रभर दर तासाला स्ट्रिप काढून चौकोन मोजत बसला होता. त्यानंतर एकही झटका आला नाही.

दोन-तीन दिवसांनी पेसमेकरची वायर काढली. क्रिएटिनिन उतरलं होतं, म्हणजे किडनी सावरली होती, क्यूटीसी ४५० च्या खाली. मावशींनी सरळ विचारलं, "डॉक्टर, त्या गोळीनंच मला पाडलं का? दोन वर्षं तर तिनंच बरं ठेवलं होतं."

"दोन्ही खरं आहे, मावशी," मी म्हणालो, आणि स्ट्रिप समोर धरून त्यांना सगळं समजावलं. सोटालॉल कायमचं बंद केलं. वेग आवरायला कमी डोसात मेटोप्रोलॉल, रक्त पातळ ठेवायची गोळी आधीसारखीच. क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची यादी डिस्चार्ज कार्डाला जोडली आणि खोकल्याचं औषध घेतानाही ती दाखवायची, असं मुलीला बजावलं. धडधड परतली तर अ‍ॅब्लेशनचं (धडधड उठवणारी जागा नळीतून निकामी करणं) बघू, असं ठरवून पुढची तारीख दिली.