तानपुरा, मल्टिमीटर आणि नाणं

मित्राकडे टेबलावरचा महागडा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं ऐकण्याजोग्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र; माझ्याकडे तेच काम करणारी, फोनला लावायची छोटी डोंगल. दोन्हींची मोजमापं उत्तम. यंत्राचा स्वतःचा गोंगाट आणि सिग्नलची विकृती (डिस्टॉर्शन) कानाच्या आवाक्याबाहेर. तरी त्याचं ठाम मत, आपल्या डॅकवर तानपुरा ‘भरून’ येतो. मलाही तसंच ऐकू येत होतं, म्हणून तर खाज सुटली. म्हटलं, न बघता ओळखू.

सगळा वेळ खाल्ला तो दोन्हींच्या आवाजाची पातळी जुळवण्याने. टेबलावरच्या डॅकमधून साधारण २ व्होल्ट निघतात, डोंगलमधून १. म्हणजे ६ डेसिबलचा फरक! नॉब अंदाजाने फिरवून भागत नाही. दोन-तीन दशांश डेसिबल जास्त असलेला आवाज मोठा वाटतच नाही, मोकळा वाटतो, भरदार वाटतो. फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे व्होल्टेजमध्ये जेमतेम १.२ टक्के. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर एसीवर लावून १०० हर्ट्झचा सूर सोडला. स्वस्त मीटर घरच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या आसपासच भरवशाचे, १ किलोहर्ट्झला काहीही दाखवतात. शेवटी एकीकडे १.००३ व्होल्ट, दुसरीकडे १.००७.

मग दुसरी गोची. दोन्हींवर एकदम गाणं सोडलं की एक किंचित मागे राहतं, आणि एकावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच फिरवताच ठेका अडखळून चुगली करतो. म्हणून दर वेळी थांबवून त्याच जागेपासून. पाठीमागे भाचा नाणं उडवून स्विच फिरवत होता. थोड्या वेळाने वैतागला, “मामा, तू आता नुसतं ठोकून देतोयस!”

खरंच देत होतो. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांखाली असते. आम्ही दोघं निम्म्याच्या आसपासच घुटमळलो. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या ऑडिओ अभ्यासकांनी हाय-रिझोल्यूशन (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या) रेकॉर्डिंगच्या वाटेत साधा सीडी-दर्जाचा कन्व्हर्टर घालून-काढून पाहिलं होतं, तिथेही ५५४ पैकी २७६च बरोबर. फरक कळला तो आवाज खूप चढवून शांत जागी ऐकताना, आणि तो गोंगाटाचा. आमच्याकडेही संवेदनशील इयरफोन थेट लावल्यावर टेबलावरच्या डॅकच्या हेडफोन जॅकमधून बारीक फुसफुस येत होती, डोंगलमधून नाही. ती न बघता ओळखता आली.

मित्र म्हणाला, परीक्षेच्या ताणात कान चालत नाहीत. शंका रास्त होती. म्हणून त्याला न सांगता डोंगल १ डेसिबलने चढवली. त्याच खुर्चीत, त्याच ताणात त्याला तानपुरा लगेच ‘भरून’ आलेला सापडला. डोंगलवर.