५४ मिनिटांच्या पिंगचं मूळ सापडलं

सापडलं एकदाचं! गेल्या नोंदीत सांगितलेला, माझ्या नेटवर्कवर दर सहा तासांनी उसळणारा पिंगचा (यंत्र जागं आहे का हे विचारणाऱ्या पॅकेटचा) लोंढा थांबला. मालवेअरची शंका घेणाऱ्यांना आधीच सांगतो, मालवेअर नव्हतं. सगळं एनएमएसचंच, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम.

फायरवॉलच्या लॉगमध्ये १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते येत होते आणि स्रोत एनएमएसची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). माझी सगळी व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे आभासी विभाग, १०.२० मधली. त्यामुळे ही पॅकेट डिफॉल्ट गेटवेकडे जायची आणि वॅनकडे, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे निघताना फायरवॉलवर अडवली जायची. कॉन्फिग फाइल चाळल्या, डेटाबेस डंप करून १७२.१७ शोधलं, कुठेच नाही. एनएमएसचं ऑटो-डिस्कव्हरीचं (नवी उपकरणं आपोआप शोधण्याचं) वेळापत्रक बंद केलं, तरी ठरल्या वेळी लोंढा हजर. त्या रात्री खरंच वैतागलो होतो.

चूक अशी की मी फक्त फायरवॉलच्या लॉगवर विसंबलो होतो. त्याला रेट-लिमिट असतं, मधल्या ओळी गळतात. शेवटी स्विचवर मिरर पोर्ट (ट्रॅफिकची नक्कल देणारा पोर्ट) लावून टीसीपीडंपने पूर्ण फेरी पकडली आणि पॅकेट तपासायच्या वायरशार्कमध्ये उघडली. दोन पॅकेटमधलं अंतर ५० मिलिसेकंद, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ५४ मिनिटं ३७ सेकंद. भागाकार केला तर साधारण ६५,५३४. म्हणजे अख्खं /१६, एवढेच वापरता येणारे पत्ते असलेलं सबनेट (पत्त्यांचा गट)! आणि १७२.१७.०.०/१६ म्हटल्यावर डॉकरचा (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डिफॉल्ट ब्रिज, म्हणजे त्याचं आतलं नेटवर्क, आठवलाच. (वायरशार्कचा टाइम-डेल्टा कॉलम कायम चालू ठेवा, माझं काम त्यानेच झालं.)

उपकरणांची माहिती विचारायचा प्रोटोकॉल म्हणजे एसएनएमपी. त्याचा एसएनएमपीवॉक डॉकर होस्टवर चालवला, १.३.६.१.२.१.४.२० वर, म्हणजे इंटरफेसच्या पत्त्यांच्या टेबलवर. उत्तरात १७२.१७.०.१, मास्क २५५.२५५.०.०. एनएमएस प्रत्येक उपकरणाची इन्व्हेंटरी सहा तासांनी ताजी करतं, त्यात इंटरफेसचे पत्ते वाचतं आणि दिसेल ते सबनेट पिंग करत सुटतं. ही फेरी ऑटो-डिस्कव्हरीच्या वेळापत्रकात येतच नाही. डेटाबेसमध्ये का सापडलं नाही, तेही कळलं. पत्ते पूर्णांक म्हणून साठवलेत. २८८६७९५२६४ शोधल्यावर ओळ लगेच समोर आली. तो क्षण फार गोड होता.

मग डॉकर होस्टवरच्या एसएनएमपीडीच्या (एसएनएमपीला उत्तर देणाऱ्या सेवेच्या) व्ह्यूमधून, म्हणजे काय दाखवायचं त्या यादीतून, ४.२० वगळलं. सहा तासांनी लोंढा पुन्हा! तीच माहिती नव्या ४.३४ टेबलमध्येही असते. तेही वगळलं, पण राउटिंग टेबल ४.२४ मध्ये तेच सबनेट परत दिसतं. एकेक टेबल झाकत बसण्यात अर्थ नाही, हे माझं आता पक्कं मत आहे. म्हणून व्ह्यू पूर्ववत केला आणि एनएमएसमध्येच डिस्कव्हरीची हद्द १०.२०.०.०/१६ अशी बांधून ‘शिकलेली सबनेट’ हा पर्याय बंद केला. असा पर्याय आधीपासूनच चालू ठेवणं मला चुकीचं वाटतं. कुठे पिंग करायचं हे चालवणाऱ्याने सांगायला हवं.

इथे थांबणार होतो, पण लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. १७२.१७ खासगी पट्ट्यातलं होतं म्हणून वॅनवर अडलं. उद्या एखाद्या इंटरफेसवर सार्वजनिक सबनेट असेल तर? पिंगला कुणी उत्तर दिलं की एनएमएस लगेच एसएनएमपी विचारतं, आणि त्याच्या व्ही२सी आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) उघडी जाते. म्हणून व्ही३ चं काम पुढच्या महिन्यावरून या आठवड्यावर आणतोय, ऑथप्रिव्ह (ओळख पडताळणी आणि एन्क्रिप्शन) सकट. ग्राफच्या टेम्प्लेटचं काम मागे पडेल, पडू दे. शिवाय व्हीएमवर एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचा बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी नियम टाकलाय: १०.२० सोडून कुठेही पिंग किंवा यूडीपी १६१ (एसएनएमपीचा पोर्ट) गेलं तर ड्रॉप, सोबत काउंटर.

चार फेऱ्या झाल्या, काउंटर शून्यावर आहे. जुन्या प्रिंटरला व्ही३ येत नाही, त्याच्यासाठी वेगळी व्हीलॅन आणि फक्त-वाचनाची वेगळी कम्युनिटी उद्या करतो.